परवाची मंडई

पारशिवनीत काय घडणार हे घडायच्या आधीच आपल्याला कळतं, असं मार्तंडराव भोयरांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. एस.टी. स्टँडला लागून त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, नागपूरच्या एका दैनिकाची एजन्सी होती, आणि त्याच दैनिकाचे ते पारशिवनीचे वार्ताहरही होते. म्हणजे बातमी तेच लिहीत, छापून आली की तेच विकत, आणि गिऱ्हाईक वाचत असताना समोर उभं राहून तिचा अर्थही तेच सांगत.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या दिवाळीत मार्तंडरावांनी गावची मंडई पुन्हा भरवायचा चंग बांधला होता. भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या त्या गावाचा दिवस वेगळा. बांगड्यांची, खेळण्यांची, मिठाईची दुकानं लागतात, गुरं राखणारे गोवारी सजवलेल्या उंच बांबूच्या ढाली नाचवतात, लेकी माहेरी येतात, सोयरे सोयऱ्यांना भेटतात आणि निम्म्या तालुक्याची लग्नं तिथेच जुळतात. पारशिवनीची मंडई मात्र चार वर्षं बंद पडली होती. कारण एवढंच, की उद्घाटनाचा नारळ सरपंच रामाजींनी फोडायचा की माजी सरपंच नानाजींनी, यावर एका वर्षी वाद झाला, आणि तो नारळ दोघांनी मिळून एका तिसऱ्याच माणसाच्या अंगणात भिरकावला होता.

मार्तंडराव महिनाभर या दोघांच्या ओसऱ्या झिजवत होते. शेवटी तोड निघाली ती अशी, की उद्घाटन गावातल्या कोणीच करायचं नाही. नागपूरहून कृष्णकांत देशकर नावाचे एक मोठे अधिकारी बोलवायचे, त्यांनी कमानीवरची लाल फीत कापायची, आणि रामाजी-नानाजींनी दोन बाजूंना सारख्या अंतरावर उभं राहायचं. दोघांनीही मान डोलावली. मार्तंडरावांना वाटलं, आपण दोन देशांत तह घडवून आणला.

आता एवढी मोठी बातमी शिळी होऊन छापली जावी हे त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची बस निघून जायची, बातमी दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचायची, आणि तिसऱ्या दिवशी केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली कुठेतरी दिसायची. तोवर रामटेकच्या वार्ताहराची मंडई पहिल्या पानावर झळकलेली असायची. म्हणून यंदा त्यांनी मंडईच्या आदल्या संध्याकाळीच बातमी लिहून टाकली. अफाट जनसमुदाय, टाळ्यांचा कडकडाट, देशकर साहेबांच्या हस्ते फीत, साहेबांचं उद्बोधक भाषण, सगळं त्यात होतं. भाषण तर त्यांनी इतकं मन लावून लिहिलं, की लिहिता लिहिता त्यांनाच गहिवरून आलं. बातमी उद्याच छापली जाऊ नये, एक दिवस थांबून परवाच्या अंकात यावी, म्हणून वर एक चिठ्ठी टाचली: "ही बातमी परवाची समजावी." पाकीट बसच्या कंडक्टरच्या हवाली केलं आणि निर्धास्त झोपले.

सकाळी पहिल्या बसनं पेपरचं बंडल आलं. मार्तंडरावांनी सुतळी सोडली आणि उभ्या उभ्या गार झाले. "पारशिवनीची मंडई परवा प्रचंड उत्साहात पार पडली." पहिल्या पानावर, चौकटीत.

मराठी भाषेत येणाऱ्या दिवसालाही परवा म्हणतात आणि गेलेल्यालाही, हे त्यांना त्या क्षणी जन्मात प्रथमच नीट उमगलं. नागपूरच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं असणार, बातमी दोन दिवस आधीच शिळी झालेली आहे. बिचाऱ्यानं घाई करून, दुसरी बातमी काढून, ही लावली होती.

त्यांनी पेपर तसाच घरात नेऊन प्रेमिलाबाईंच्या पुढे धरला. त्या कमानीसाठी झेंडूची फुलं आणि ज्वारीची हिरवी कणसं दोऱ्यात गुंफत होत्या. त्यांनी सगळी बातमी वाचली आणि शांतपणे म्हटलं, "चांगली झाली म्हना मंडई. मंग हे तोरण करू का राहू देऊ?"

"कर," मार्तंडराव म्हणाले. "मंडई होनार म्हंजे होनार."

पण ती होणं सकाळपासूनच अवघड होत चाललं होतं. गावातल्या माणसांना दिवस ठाऊक होता, पण मंडई गावच्या माणसांवर भरत नाही, बाहेरच्यांवर भरते. चार वर्षांच्या खंडानंतर आसपासच्या खेड्यांत दिवसाबद्दल आधीच गोंधळ होता. कोणी शनिवार म्हणे, कोणी रविवार. आता पेपरानं तो निकालात काढला. नागपूरहून निघालेल्या खेळणीवाल्यांनी कन्हानच्या स्टँडवर पेपर वाचला, कपाळाला हात लावला आणि गाठोडी घेऊन रामटेकच्या बसमध्ये चढले. बांगडीवाल्या मागे फिरल्या. गावातल्या बळीराम हलवायानं पहाटेच जिलबीचा घोळ भिजवून ठेवला होता. तो पेपर हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. परवा मंडई झाली असेल तर जिलबी तिथे कोणी खाल्ली आणि कोणाच्या दुकानातली खाल्ली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मार्तंडरावांनी त्याची समजूत घातली, कढई पेटव म्हणून सांगितलं आणि धावतच पोस्ट गाठलं. देशकर साहेबांना तातडीचा ट्रंक कॉल लावला.

साहेब फोनवर फार खुशीत होते. भाषण अप्रतिम झालंय, असं त्यांनीच सांगितलं. मंडई ही ग्रामीण जीवनाची नाडी आहे, हे वाक्य तर त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

"साहेब, पण ते भाषण तुम्हाले आज करायचं आहे," मार्तंडराव काकुळतीला येऊन म्हणाले.

 साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा मार्तंडराव, सकाळीच आमच्या वरिष्ठांनी विचारलं, काय देशकर, सुट्टीतही दौरा करून आलात वाटतं. मी हो म्हणून बसलो. आता पुन्हा कोणत्या तोंडानं येऊ? आणि खरं सांगू का, मी आलो तर भाषण इतकं चांगलं होणार नाही."

फोन ठेवून मार्तंडराव बाहेर आले तेव्हा दुसरा कोणी असता तर दुकानाला कुलूप लावून चार दिवस सासुरवाडीला गेला असता. पण मार्तंडरावांचं तसं नव्हतं. एकदा छापून आलेली गोष्ट घडलीच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. पाहुण्याचं मग बघू, आधी माणसं आणू, असं ठरवून ते रुपराव नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीत गेले. त्यांची बैलांची बंडी मागितली, लग्नाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडून भोंगा आणि बॅटरी आणून तिच्यावर बांधली. रुपरावांनी कुरकुर केली, की बैलांचं अजून वैरणपाणी झालं नाही. मार्तंडराव म्हणाले, आल्यावर पोटभर घालू.

पहिल्याच खेड्यात पारावर बसलेल्या मारोतराव नावाच्या म्हाताऱ्यानं बंडी अडवली. मार्तंडराव भोंग्यातून सांगत होते, की पारशिवनीची मंडई आज आहे.

"पेपरात तं आलं का झाली म्हनून," मारोतराव म्हणाले. "मंग पेपर खोटं लिहून राहिला का गा?"

मार्तंडरावांनी मनात झटकन हिशेब केला. हो म्हणावं तर वार्ताहरकी गेली, एजन्सी गेली आणि उद्यापासून गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. नाही म्हणावं तर मंडई गेली. पाराभोवती माणसं जमली होती आणि उत्तराची वाट पाहत होती. त्या क्षणी त्यांना नाटकाच्या जाहिरातीतला एक शब्द आठवला. त्यांनी घसा खाकरला आणि भोंग्यात म्हटलं, "परवाच्या प्रचंड यशानंतर, लोकाग्रहास्तव, पारशिवनीची मंडई आज पुन्हा एकदा!"

त्या एका वाक्यानं जी जादू केली ती महिनाभराच्या दवंडीनं केली नसती. पहिली मंडई हुकली म्हणून हळहळणारे सगळे आता दुसरी हुकू नये म्हणून उठले. परवा अफाट जनसमुदाय होता म्हणतात, मग आपणच कसे राहिलो, असं प्रत्येक घरात एकमेकांना विचारलं गेलं. बायकांनी नवी लुगडी काढली. मार्तंडराव एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जात राहिले, घसा बसला तरी ओरडत राहिले. बैल बिचारे चालत राहिले. वाटेत दोन-तीनदा डाव्या बैलानं रस्त्याकडच्या धुऱ्यावरच्या गवतात तोंड घातलं, पण रुपरावांनी दरवेळी कासरा ओढला.

दुपार कलताना ते परतले, तर गावात पाय ठेवायला जागा नव्हती. रामटेकला गेलेल्या खेळणीवाल्यांना कोणीतरी निरोप पोचवला होता. तेही घाम पुसत येऊन पोचले होते. गोवारी ढाली घेऊन उभे होते. बळीरामच्या कढईपुढे रांग लागली होती. आणि कमानीखाली लाल फीत होती, फितीवर प्रेमिलाबाईंनी बांधलेली झेंडूची फुलं आणि हिरवीगार कणसं होती, आणि दोन बाजूंना रामाजी आणि नानाजी होते. पाहुणा येणार नाही ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

सरपंच मी आहे, तेव्हा कात्री माझ्याकडे द्या, असं रामाजी म्हणत होते. चार वर्षांपूर्वी मान माझा होता, तो अजून मिळायचा राहिला आहे, असं नानाजी म्हणत होते. मार्तंडरावांनी रुपरावांना बंडी तिथेच सोडायला सांगितली आणि मध्ये उडी घेतली. दोघांनी मिळून कापा, असा तोडगा त्यांनी काढला. कात्रीला बोटं घालायला दोन भोकं असतात, त्यातलं एक रामाजींचं आणि एक नानाजींचं. दोघांनी बोटं घातली. पण भोंग्यातून आधी कोणाचं नाव घ्यायचं, यावर पुन्हा अडलं, आणि दोघंही कात्री आपापल्याकडे ओढू लागले. मागून रामाजींची माणसं पुढे सरकली, तशी नानाजींचीही सरकली. बायकांनी पोरं कडेवर उचलून घेतली.  एवढी माणसं आपण गोळा केली ती मारामारी बघायला, असं मार्तंडरावांना वाटलं. ते बसलेल्या आवाजात दोघांना हात जोडत होते, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. मधून रुपरावांचा डावा बैल येत होता. दिवाळीत रंगवलेली शिंगं, कपाळावर गोंडा, गळ्यात घुंगरं. सकाळपासून पोटात काडी नव्हती, आणि जू मानेवरून उतरल्याबरोबर त्यानं कणसं पाहिली होती. तो कोणाला धक्का न लावता, अगदी सावकाश, बोलावलेल्या माणसासारखा चालत कमानीपाशी आला. रामाजी एका बाजूला झाले, नानाजी दुसऱ्या बाजूला. बैलानं मान लांबवली, एक कणीस तोंडात धरलं आणि हिसका दिला. फीत तुटली. तो उरलेली कणसं, फुलं आणि फितीचं एक टोक चघळत कमानीतून आत गेला.

 मग एका गोवाऱ्यानं ढाल उंच केली, ढोल वाजला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मार्तंडरावांनी बातमीत लिहिलेला त्यापुढे काहीच नव्हता. बैल बिचकला नाही. तो सरळ स्टेजपाशी गेला, पाहुण्यासाठी टेबलावर ठेवलेला गुच्छ त्यानं खाल्ला आणि तिथेच उभा राहिला. नानाजींनी रामाजींकडे पाहिलं, रामाजींनी नानाजींकडे. कात्री अजून दोघांच्या बोटांत होती. आधी रामाजींना हसू फुटलं.

"त्याच्याशी कोन भांडनार गा," ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून बैलाला गुलाल लावला.

तशी मंडई पारशिवनीनं पुन्हा कित्येक वर्षं पाहिली नाही. बळीरामला दुसऱ्यांदा घोळ भिजवावा लागला.

मार्तंडरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी हकीकत, डोळ्यांनी पाहिली तशी लिहून काढली. आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. कंडक्टरवर न सोपवता ते स्वतः नागपूरला गेले आणि उपसंपादक गिरिधररावांच्या टेबलावर कागद ठेवला. गिरिधररावांनी वाचता वाचता दोनदा चष्मा काढून डोळे पुसले. मग कागद परत दिला.

"मार्तंडराव, मंडई तर आपली छापून झाली."

ती झाली नव्हती, ही खरी, असं मार्तंडरावांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. गिरिधरराव विचारात पडले. आपल्याच पेपरनं काल खोटं छापलं असं आज छापायचं, हे काही जमण्यासारखं नव्हतं. पण माणूस चांगला होता. ते म्हणाले, "रविवारच्या पुरवणीत गंमत म्हणून टाकतो. फक्त तो बैल काढा. बैलानं उद्घाटन केलं हे वाचकांना पटायचं नाही."

संध्याकाळी मार्तंडराव घरी आले. प्रेमिलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"बैल काढा म्हंते."

"मंग फीत कोनं कापली म्हनून लिहिनार जी?"

मार्तंडराव बसमध्ये सारा रस्ता त्याचाच विचार करत आले होते. रामाजींचं नाव घातलं तर नानाजी स्वस्थ बसू देणार नव्हते, नानाजींचं घातलं तर रामाजी. त्यांनी कागदाची घडी केली आणि फळीवर ठेवून दिली.

पुढल्या वर्षी दिवाळीआधी मंडईची बैठक बसली. पाहुणा कोण बोलवायचा हा विषय निघाला, तेव्हा रामाजी आणि नानाजी जन्मात पहिल्यांदाच एकाच वेळी बोलले आणि दोघांच्याही तोंडून एकच नाव निघालं. रुपराव म्हणाले, पण यंदाही बैलाला आधी कडबा घालणार नाही, नाहीतर तो फितीकडे बघायचा नाही. ते सर्वानुमते मंजूर झालं.

देशकर साहेबांचा निरोप बैठकीनंतर आला. यंदा आपण मोकळे आहोत, असं त्यांनी कळवलं होतं. मार्तंडरावांनी फार नम्रपणे उत्तर धाडलं, की जागा भरली आहे.