शेवंतामावशी आणि माझा उजवा हात

शेवंतामावशी माणसाशी बोलत नाहीत, त्याच्या हाताशी बोलतात. मी पहिल्यांदा गेलो आणि सवयीनं "नमस्कार" म्हणालो. उत्तर माझ्या मनगटाला मिळालं. "का रे लेकरा, लई लिव्हायला लावतो व्हय ह्यो मास्तर?"

मी लातुरात क्लासमध्ये गणित शिकवतो. दिवसाला चार बॅचेस, फळा भरभरून गणितं, वर पेपरांचे गठ्ठे. शेवटी अंगठ्यापासून तीन बोटांना मुंग्या यायला लागल्या, खडू हातातून गळू लागला आणि पोरं हसू लागली. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबलीय, विश्रांती घ्या. परीक्षा तोंडावर आलेली, कसली डोंबलाची विश्रांती! मग क्लासच्या शिपायानं मावशींचं घर दाखवलं.

मावशी मूळच्या बाळ-बाळंतिणींना चोळणाऱ्या. क्लास वाढले तशी लिहून लिहून हात आखडलेली पोरं त्यांच्या दारात बसू लागली. कोमट करडीचं तेल लावून त्या कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश येतात आणि माझी तक्रार माझ्याच हाताकडे करतात.

"ह्याला सांग, हात उशाखाली घेऊन झोपू नको म्हणावं."

"नाही घेत हो मावशी."

"खोटं बोलायलाय ह्यो," त्या हाताला म्हणाल्या. घेत होतो ना मी!

महिन्याभरात खडू हातात टिकायला लागला. आणि एक दिवस मावशींच्याच हातातून तेलाची वाटी पडली. बघतो तर अंगठा सुजलेला, बोटं बधिर. मी चिडलोच. "हे काम बंद करा आता! चला, डॉक्टरांकडे नेतो."

मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भूकंपात घर पडलं, सर. ढिगाऱ्यातून माझ्या लेकीचा हात तेवढा भाईर होता. माणसं येईस्तोवर त्याच्यासंगं बोलत बसले. आधी माझं बोट दाबायचा. मंग दाबंना झाला."

जमिनीवरचं तेल त्या पुसत राहिल्या.

"आता घरात दुसरं हाय कोण? काम सोडलं तर दिवसभर कुणाचा हात धरू?"

तरी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. दोन महिने चोळणं बंद, असं ते म्हणाले. तेव्हापासून क्लास सुटला की मी मावशींकडे जातो. चोळायचं नाही, नुसतं धरून बसायचं, असं बजावून हात त्यांच्या हातात देतो. त्या त्याच्याशी गप्पा मारतात, मी भिंतीला टेकून पेपर वाचतो. माझ्या मुंग्या कधीच गेल्यात. मावशींना मी ते सांगितलेलं नाही.