मच्छरदाणीचा खिसा

नामाकाकाच्या अंगावर अकरा खिसे असत. खोटं नाही, मी मोजलेत. खाकी शर्टाला चार, पँटला पाच आणि आतल्या बंडीला दोन. लोक कापडाला खिसे शिवतात, काका खिशांना कापड शिवून घेई. एकात तंबाखूची डबी, एकात वस्तीतल्या कुत्र्यांसाठी बिस्किटं, एकात सुतळी, एकात सायकलचं पंक्चर काढायचं सामान. बंडीच्या डाव्या खिशाला मात्र कायम सेफ्टी पिन. त्यात काय आहे विचारलं की काका विषय पाऊसपाण्यावर नेई.

"बिनखिशाचं कापड म्हंजे बिनमुठीचा विळा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एका लग्नात नवरदेवाच्या झब्ब्याला खिसा नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि हे वाक्य त्याने नवरदेवालाच ऐकवलं, भर मांडवात.

काका आमचा शेजारी. खर्डी स्टेशनापासून आत आमची वस्ती. तो मुंबईला पाणी नेणाऱ्या तानशाच्या पाइपलाइनवर गस्तीला होता. रोज सायकलवरून पाइपाच्या कडेकडेने जायचं, कुठे पाणी गळताना दिसलं की खबर द्यायची. मध्ये ओढा भरलेला असला तर सायकल काठावर टाकून पोहत पलीकडे, तिथून पुढे पळत, आणि तसंच परत. पन्नाशी ओलांडली तरी पोट म्हणून नव्हतं. काकी जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसाउजेडी घराला कुलूप घालून फिरणारा वस्तीत हा एकटाच. बाकी आम्ही कडी सरकवली की निघालो. "नाम्याने हंडा पुरलाय," असं लोक म्हणत. काका हसे.

मी तेव्हा शहापूरला कॉलेजच्या ऑफिसात नुकती लागले होते. आमच्या घरातली, खरं तर अख्ख्या वस्तीतली, पहिली बी.ए. हे सांगायला मी लाजत नाही. चिखलातून चालत जाऊन मिळवलेली पदवी आहे. वस्तीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच येई, आणि काका मला नावाने न बोलावता 'बीए बाय' म्हणे.

पण स्पर्धेचा तो कागद मीच आणला होता. शहरातल्या कुठल्याशा क्लबाने टोकावड्याच्या पुढे एका लहान धरणावर ट्रायथलॉन ठेवली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मी वाचून दाखवलं. काका म्हणाला, "ही तर माझी ड्युटी हाय. तिला फारम कशाला?" पण त्याचे डोळे असे लकाकले की मी त्याच संध्याकाळी फॉर्म भरून टाकला.

घोळ झाला तो नियमांत. तिन्ही गोष्टी एकाच पोशाखात करायच्या. उघड्या अंगाने सायकल नाही, वाटेत कपडे बदलायचे नाहीत. म्हणजे लंगोट बाद. वस्तीत दुसरा विषय उरला नाही. विहाराच्या ओट्यावर रोज सभा भरू लागली. कुणी म्हणे लेंगा, कुणी म्हणे बर्मुडा. माझ्या आईचं म्हणणं, काही घाला पण नाडी पक्की असू दे.

काकाला वाटे, इतकी वर्षं साथ दिलेला खाकी ड्रेस काय वाईट? रविवारी आम्ही नदीवर गेलो. काकाने खाकीतच सूर मारला. अकरा खिशांनी अकरा घागरींसारखं पाणी भरून घेतलं. जाताना मासोळीसारखा गेलेला माणूस येताना म्हशीसारखा आला. काठावर उभा राहिला तर अंगातून अकरा धारा, आणि पाठच्या खिशात एक जिवंत खवली मासळी. काकाने ती परत पाण्यात सोडली आणि म्हणाला, "खाकी बाद."

मग मी त्याला कल्याणला खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने काळा, अंगाला चिकटणारा, वरखाली एकच असा सूट समोर टाकला. मोठमोठे लोक हाच घालतात म्हणाला. काकाने तो ताणून पाहिला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला, मग समजुतीने विचारलं, "शेठ, ह्याचा खिसा शिवायचा राहिला काय?" खिसा नसतोच, हे कळल्यावर त्याने तो सूट घडी घालून परत दिला, दुखवट्याला गेलेल्या माणसासारखा.

शेवटी वाट सापडली ती घरातच. आमच्या मंडळाचा कबड्डीचा ड्रेस! मरून रंगाचा गंजी, तसलीच आखूड चड्डी. अंगाला बसतो, ओला झाला तरी ओढत नाही, लगेच वाळतो, मातीत लोळलं तरी फाटत नाही. आम्ही तो घेऊन शहापूरच्या बबन टेलरकडे गेलो. काकाची एकच अट: पोटावर खिसा, वर पिन लावता आली पाहिजे.

"पाण्यात खिसा?" बबन टेलर म्हणाले. "नामदेवराव, धरण रिकामं करायला चालला का?"

काकाने गंजी टेबलावर पसरला. मग म्हणाला, "टेलर, माशाचं जाळं पाण्याने भरतं का कधी?"

टेलरांची कात्री थांबली. त्यांनी आतून जुनी मच्छरदाणी आणली आणि तिचा दुहेरी खिसा शिवून दिला. पाणी येईल तसं जाईल, आतली वस्तू राहील. मला तो माझ्या बी.ए.पेक्षा मोठा शोध वाटला, आणि तसं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

रोज पहाटे चाचणी. ओढ्यात पोहून यायचं, ओल्या अंगाने सायकल, मग पळणं. जांघेला खोबरेल, पायात बाजारातले कॅनव्हासचे बूट. सगळं बिनचूक जमलं. चूक एकच झाली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. सगळ्या चाचण्या आम्ही रिकाम्या खिशाने केल्या, पिनवाली बंडी सायकलच्या दांडीला बांधून.

मी विचारलंही होतं, काका, मी काठावर असणारच, जे काय आहे ते माझ्याकडे द्या की. नेहमी बडबडणारा काका तेवढ्यापुरता तुटक बोलला. "नाय. ते माझ्याजवळच."

स्पर्धेच्या दिवशी धरणाच्या काठावर काळ्या सुटातली तीसेक माणसं, जणू पाणकावळ्यांचा थवा बसलेला. त्यात आमचा मरून काका. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी हसलं. मग शिट्टी झाली, आणि हसणारे सगळे मागे राहिले. काका तिसरा बाहेर आला! मी चप्पल हातात घेऊन ओरडत होते, मी, कॉलेजच्या ऑफिसातली बाई. सायकलीला त्याची जुनी काळी सायकल, तरी माळशेजच्या रस्त्यावरून परतला तेव्हा सातवा होता.

पळायच्या आधी तो माझ्यासमोर बूट आवळायला बसला आणि बसूनच राहिला. गंजीवर पोटाशी रक्ताचा डाग. सायकलवर वाकून वाकून खिशातली वस्तू रुतली होती. त्याने पिन काढली. आत होती पितळी चावी. घराची.

माणसं शेजारून पळत पुढे जात होती. मी हात पुढे केला. "काका, द्या ना. घरात असं आहे तरी काय चोरीला जाण्यासारखं?"

"चोराचं नाय गो," तो चावीकडे बघत म्हणाला. "नुसती कडी सरकवून गेलो ना, तर येताना वाटतं तुझी काकी आतच हाय. दारातून हाक जाते तोंडातून. मग ओ कोन देनार? कुलूप असलं की तोंडाच्या आधी हाताला समजतं."

त्याने चावी माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ स्वतःच मिटली, आणि पळाला. नववा आला. शेवटपर्यंत पळणाऱ्या सगळ्यांना मेडल होतं. ते त्याने गळ्यात घातलं ते काढलंच नाही.

दुपार कलताना जीपने आम्ही वस्तीवर पोचलो. विहारापाशी लोकांनी त्याला घेरलं, मेडल हातोहात फिरू लागलं. मी तेवढ्यात पुढे सटकले. त्याचं कुलूप काढलं, आईला हाक मारली आणि तिला त्याच्या चुलीपाशी चहा ठेवायला बसवलं. दार मी नुसतं ओढून घेतलं.

काका आला. सवयीने हात पोटाच्या खिशाकडे गेला. खिसा मोकळा. मग त्याने दाराकडे पाहिलं. कुलूप नव्हतं. तो पायरीवर तसाच उभा राहिला, तोंड मिटून.

आतून भांड्याचा आवाज आला. मग आईचा. "कोन हाय? आला काय?"

काकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मेडल गंजीच्या आत सारलं, पुन्हा बाहेर काढलं.

"आलो गो वयनी," तो म्हणाला, आणि दार ढकललं.