न हलणारे स्थलांतरित

स्थलांतरित म्हणजे कोण, हे ठरविण्यास तज्ज्ञ समितीला अकरा महिने लागले. समितीच्या नऊ बैठका लातुरात झाल्या आणि नवव्या बैठकीत, जेवणाआधी, व्याख्या एकमताने संमत झाली: ज्याचा जन्म एका जिल्ह्यात आणि वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात, तो स्थलांतरित. मात्र आरोग्याचा हा अभ्यास तीन वर्षांचा असल्याने सहभागी व्यक्ती तीनही वर्षे त्याच पत्त्यावर सापडली पाहिजे आणि पुराव्यादाखल त्या घराचे वीजबिल जोडले पाहिजे. थोडक्यात, समितीला असा स्थलांतरित हवा होता, जो हलत नाही.

असे दोनशे चाळीस लोक नांदेड परिसरातून मिळविण्याचे काम गुरुबसप्पांकडे आले. गुरुबसप्पा हे तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले अभियांत्रिकी रेखनाचे अध्यापक. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांनी आयुष्यात कोणाला माफ केली नव्हती, पोटच्या मुलालाही नाही. नोंदणी समन्वयक म्हणून त्यांची निवड याच गुणावर झाली. सहभागी होणाऱ्याची रक्ततपासणी आणि छातीचा फोटो फुकट होता, दोष आढळल्यास उपचारही फुकट होता. त्यासाठी यंत्रे बसविलेली एक पांढरी गाडी तयार होती.

पहिल्याच दिवशी गुरुबसप्पा अर्धापूरच्या पुढे, केळीच्या बागा ओलांडून, एका वीटभट्टीवर गेले. मुकादम भागवतने माणसे ओळीने उभी केली होती. सर्वांत पुढे सिंधु नावाची तिशीतली बाई होती. प्रत्येक उत्तराआधी ती खोकत होती.

"जन्म कुठला?"

"किनवटाकडचा. जंगलातलं गाव हाय, साहेब."

"जिल्हा?"

"नांदेडच की."

गुरुबसप्पांचे पेन थांबले. "ही भट्टीही नांदेड जिल्ह्यातच आहे. म्हणजे तुम्ही स्थलांतरित नाही."

"मंग मी कोण हाय?"

"स्थानिक रहिवासी."

सिंधुने मागे वळून पाहिले. मागे तिचे स्थानिक निवासस्थान होते: कच्च्या विटांच्या तीन भिंती, वर पाचट आणि दाराच्या जागी साडी.

"दिवाळी झाली की गाव सोडलं, साहेब," ती म्हणाली. "तीन महिने झाले, खोकून राहिले. छातीचा फोटो तेवढा काढून द्या. बाकी तुम्हाला काय लिवायचं ते लिवा."

"बाई, अर्जात काहीही लिहिता येत नसतं."

मागचा गडी आदिलाबादकडचा निघाला. त्याचे राज्यच वेगळे, तेव्हा गुरुबसप्पांना हुरूप आला. "तीन वर्षांनी कुठे असाल?"

"माती चांगली असंल तिथं."

"वीजबिल?"

गडी हसला. त्याने ते इतरांना सांगितले, तसे तेही हसले. भागवत म्हणाला, "बल्ब मालकाचा, बिल मालकाचं. तुम्ही मालकालाच घ्या की साहेब. जन्म परभणीचा, अन् बिलं म्हणाल तर तीन घरांची हायत."

गुरुबसप्पांनी नियम दोनदा ताडून पाहिले. भागवतचे म्हणणे निर्दोष होते. चौऱ्याऐंशी माणसांच्या त्या भट्टीवर स्थलांतरित एकच निघाला, आणि तो सध्या हवापालटासाठी महाबळेश्वरला गेला होता.

संध्याकाळी त्यांनी लातूरला प्रकल्प संचालक दयानंद यांना फोन लावला. "व्याख्येत कोणीच बसत नाही, सर."

"व्याख्या संमत झालेली आहे, गुरुजी. ती बदलता येत नाही," दयानंद शांतपणे म्हणाले. "माणसं बदला."

गुरुबसप्पा चेहरा पाडून बसले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मम्मा तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळी व्याख्या ऐकून घेतली.

"म्हणजे मीच की हो. जन्म उदगीरचा, जिल्हा लातूर. अडतीस वर्षं झाली, ह्या घरातून हलले न्हाई. बिल फ्रिजवर ठेवलंय."

गुरुबसप्पांनी त्यांच्याकडे प्रथमच पाहावे तसे पाहिले. कुठेही अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नव्हती. सहभागी क्रमांक एकची मुलाखत स्वयंपाकघराच्या दारातच सुरू झाली.

"स्थलांतराचे कारण?"

"तुम्ही."

"पर्यायांत 'विवाह' असं आहे."

"मंग तेच लिवा."

"स्थलांतराचा निर्णय कोणी घेतला?"

"आमच्या अप्पांनी अन् तुमच्या अप्पांनी. मी आत चहा करून राहिले होते."

"कामाचे दैनिक तास? साप्ताहिक सुट्टी?"

लक्ष्मम्मांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "पुढचं इचारा."

"मूळ गावी कायमचे परतण्याचा विचार आहे का?"

"जेवण झाल्यावर सांगते."

गुरुबसप्पांनी 'अनिश्चित' या चौकटीत खूण केली आणि त्या दिवशी कोणी न विचारता आमटीची तारीफ केली.

पुढचे काम रेषेवर रेष ठेवावी तसे झाले. लक्ष्मम्मांनी हळदीकुंकू ठेवले आणि वाणाबरोबर संमतीपत्र दिले. कॉलनीतल्या सुना लातूर, परभणी, हिंगोली, बिदर अशा चहू दिशांनी स्थलांतर करून आलेल्या होत्या आणि प्रत्येकीचा पत्ता पक्का होता. पुरुषांचे प्रमाण कमी पडू लागले, तेव्हा कॉलनीतले अमरनाथ पुढे आले. आपण व्यवसायानिमित्त नांदेडला आलो, असे ते चौदा वर्षे सांगत होते. आता त्यांनी सासऱ्याचे वीजबिल टेबलावर ठेवले आणि मान ताठ करून घरजावई म्हणून सही केली. त्यांच्यामागून आणखी सहा जण उघडकीस आले. बाकीची भर बदली होऊन आलेल्या बँक अधिकाऱ्यांनी घातली. तीन आठवड्यांत दोनशे चाळीसचा आकडा भरला. गाडी भट्टीकडे गेलीच नाही. ती कॉलनीच्या सभागृहापुढे, सावलीत उभी राहिली.

तपासणीच्या शेवटच्या दिवशी सिंधु आली. अर्धापुराहून जीपने आली होती आणि फाट्यापासून चालत. आता ती दोन शब्दांमध्येही खोकत होती.

"हितं फोटो काढतेत म्हणं."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, तुम्ही स्थानिक आहात," गुरुबसप्पा म्हणाले. "स्थानिकांचा अभ्यास पुढे वेगळा मंजूर व्हायचा आहे."

"कवा?"

"स्थानिकाची व्याख्या ठरल्यावर."

लक्ष्मम्मा रांगेतून बाहेर आल्या. आपले क्रमांक एकचे कार्ड त्यांनी सिंधुच्या हातात दिले. "माझा फोटो राहिलाय, बाई. जा, काढून ये."

गुरुबसप्पांनी ते पाहिले. मग मान खाली घालून एकदा तपासलेले संमतीपत्र ते पुन्हा तपासू लागले. आतून "लक्ष्मम्मा" असा पुकारा झाला. सिंधु म्हणाली, "हाव."

चौथ्या दिवशी अहवाल आला. सहभागी क्रमांक एकच्या उजव्या फुप्फुसात मोठा डाग होता आणि थुंकीची तपासणी तातडीने करायची होती. पथक त्याच दुपारी क्रमांक एकच्या पत्त्यावर पोचले. पत्ता पक्का असल्याचा हा फायदा. लक्ष्मम्मांची थुंकी निर्मळ निघाली.

गुरुबसप्पांनी दयानंदांना फोन करून आयुष्यातली पहिली अनियमितता कबूल केली. "तो फोटो सिंधु नावाच्या मजूर बाईचा आहे, सर. तिला उपचार मिळाला पाहिजे."

"ती सहभागी आहे का?"

"नाही."

"मग जी व्यक्ती अभ्यासातच नाही, तिच्या छातीत डाग कसा असेल?"

"मी स्वतः पाहिला, सर."

"तो तुम्ही क्रमांक एकचा पाहिलात. क्रमांक एक आता बरा आहे. अभिनंदन, गुरुजी."

दुसऱ्या सकाळी फोटोचे पाकीट काखेत धरून गुरुबसप्पा स्वतः भट्टीवर गेले. सिंधुला सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवायचे, असे त्यांनी ठरविले होते. भट्टी थंड पडली होती. भागवत एकटाच ताडपत्री बांधत होता.

"सिंधु? टोळी परवाच बिदरकडं गेली, रस्त्याच्या कामावर. नवऱ्याचा फोन लागून न्हाई राहिला. तुमचा नंबर धाडतो कुणाच्या तरी हाती."

"बिदर म्हणजे कर्नाटक."

"हाव. आता जिल्हाच काय, राज्य बी बदललं तिचं."

गुरुबसप्पांनी तिथूनच लातूरला फोन लावला. "सर, ती बाई आता पात्र आहे."

"नोंदणी बंद झाली, गुरुजी. आणि पत्ता?"

पहिल्या वर्षाचा अहवाल यथावकाश प्रसिद्ध झाला. स्थलांतरितांचे आरोग्य उत्तम आहे. गुडघेदुखी आणि आम्लपित्त या त्यांच्या मुख्य तक्रारी आहेत. फुप्फुसाचा एकमेव रुग्ण औषधाविना चार दिवसांत बरा झाला, यावरून स्थलांतराने प्रतिकारशक्ती वाढते असे दिसते. वीटभट्ट्यांवर स्थलांतरित आढळत नाहीत, सबब तपासणीची गाडी यापुढे निवासी कॉलन्यांतच फिरवावी. वर्तमानपत्रांनी ही बातमी गुरुबसप्पांच्या फोन नंबरासह छापली.

दोन दिवसांत एकेचाळीस फोन आले. बिदरहून असेल म्हणून गुरुबसप्पांनी प्रत्येक फोन पहिल्या घंटेला उचलला. एकेचाळीसही जणांनी एकच विचारले: गाडी आमच्या कॉलनीत कधी येणार?

वाचकहो, तुम्ही फोन केला नसेल, हे मान्य. पण व्याख्या वाचताच आपल्या घरात कोण कोणत्या जिल्ह्यातून आले, हे तुम्ही मनातल्या मनात पडताळून पाहिलेत. वीजबिल कोणत्या खणात आहे, तेही आठवलेत. सिंधुच्या गावाचे नाव काय, हे मात्र शेवटपर्यंत ना अर्जाने विचारले, ना तुम्ही.