रातिबच्या कपाळावरची जखम

शुक्रवारच्या नमाजानंतर घराण्याच्या बैठकीत नगरपालिकेचा उमेदवार ठरणार होता आणि तो मान आपल्यालाच मिळावा अशी रातिबची मनापासून इच्छा होती. उरलेल्या दोन इच्छुकांपैकी एकापाशी पदवी होती, दुसऱ्यापाशी ट्रॅक्टर. रातिबपाशी केवळ बंदूक होती. ऑलिव्हच्या बागा उकरून टाकणाऱ्या रानडुकरांपैकी एक तरी बैठकीआधी मारून आणीन, असे त्याने न्हाव्याच्या दुकानात जाहीर केले. डुक्कर कोणी खाणार नव्हते. ते सर्वांनी फक्त पाहायचे होते.

गुरुवारी पहाटे मेहुणा मुअतझ याला घेऊन तो ओकच्या रानात शिरला. वाटेत मुअतझने तरसाचा विषय काढला. तरस माणसाला भुलवते. भुललेला माणूस त्याला बाप समजून त्याच्यामागे गुहेपर्यंत जातो आणि कपाळ फुटून रक्त आले तरच शुद्धीवर येतो, हे अजलूनच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रातिबने त्याची यथेच्छ टिंगल केली. असल्या भाकडकथांनीच गावाचे वाटोळे केले, हे भाषणात घ्यायचेही त्याने ठरवून टाकले.

डुकरांचे माग एका घळीत गेले होते. घळ पलीकडून बंद होती. तिच्या टोकाशी झुडूप हलले, रातिबने बंदूक खांद्याला लावली, आणि झुडपातून वासराएवढे पट्टेरी तरस बाहेर आले.

मुअतझ झाडावर चढला. रातिबने बंदूक टाकली आणि आल्या वाटेने धूम ठोकली. दगडावर आपटलेल्या बंदुकीच्या खणखणाटाने तरसाचीही गाळण उडाली. वाट एकच असल्यामुळे तेही तिनेच पळाले आणि रातिबहून चपळ असल्यामुळे लवकरच त्याच्या पुढे निघून गेले. झाडावरून मुअतझला दिसले ते एवढेच, की पुढे तरस चालले आहे आणि मागे दाजी. इतक्यात एक आडवी फांदी रातिबच्या कपाळावर बसली.

मुअतझ खाली उतरून पोहोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "रक्त आलं दाजी. सुटलात तुम्ही."

"अरे, मी त्याच्यापासून पळत होतो."

"त्याच्या मागे?" मुअतझने मायेने विचारले.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. रातिब घरोघर खुलासा करायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला उंबऱ्यातच अडवले. "भूल पडली नव्हती म्हणता, म्हणजे चांगले शुद्धीवर असताना बंदूक टाकून पळालात. दोन्हीतलं कुठलं सांगायचं ते आधी ठरवा."

रातिबने रात्रभर विचार केला. भित्र्याला कोणी क्षमा करीत नाही. भुललेल्याचा निदान दोष तरी नसतो.

बैठकीत कॉफीचा पेला फिरून आल्यावर हाजी मुफ्दींनी, म्हणजे ज्यांच्या शब्दावर उमेदवार ठरत असे त्या वडीलधाऱ्यांनी, शांतपणे विचारले, "गेला होतास का रे त्याच्या मागे?"

"गेलो होतो, हाजी," रातिब खाली पाहत म्हणाला. "भान नव्हतं."

हशा पिकला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, की हा उद्या पालिकेत कोणाच्याही मागे जाईल. पदवीधराने त्याला अनुमोदन दिले. त्या दोघांचे एकमत प्रथमच झाले होते. रातिबने आपली उमेदवारी मनातल्या मनात पुरून टाकली.

हाजींनी पेला खाली ठेवला. "मग त्यात वाईट काय आहे? आजवर तीन हुशार माणसं पाठवली. खुर्चीवर बसल्या दिवसापासून एकालाही माझं ऐकू येईना. पुढे कोण चाललंय ते न विचारता मागे जाणारा माणूस मी किती वर्षं शोधतोय."

हाजींनी तळहात वर केले, ठरल्या गोष्टीवर शिक्का म्हणून फातिहाची प्रार्थना म्हटली गेली आणि उमेदवारी पक्की झाली. उरलेले दोन इच्छुक बराच वेळ आपापल्या कोऱ्या कपाळावरून हात फिरवत बसले होते.