आठ आकडे आणि एक गाठ

"पाच मिनिटांत दोघी बोलायला लागतील!" हाल्वरसन बाईंनी शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगितलं. नेब्रास्कातल्या त्या शाळेत त्या भौतिकशास्त्र शिकवत आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून चिअरलीडिंगच्या, म्हणजे सामन्यात संघाला चेव आणणाऱ्या मुलींच्या कसरतींच्या, कोचही होत्या.

शुक्रवारी सामन्यात एकमेकींवर चढून मनोरा रचायचा होता. पण वर उडणारी ब्रिन आणि तिला झेलणारी टेसा यांचा आठवडाभर अबोला होता. मागच्या सामन्यात ब्रिन धपकन पडली. "टेसा उशिरा आली," म्हणे ब्रिन. "तीच आधी उडाली," म्हणे टेसा. असल्या भांडणावर मनोरा उभा राहतो होय?

सराव संपल्यावर बाईंनी आठही मुलींना गोलात उभं केलं. डोळे मिटून सापडेल तो हात धरायचा आणि न सोडता गुंता सोडवायचा.

दहा मिनिटांत मांजराने लोकर विस्कटावी तशी गाठ तयार झाली! बाई गळ्यातलं स्टॉपवॉच सावरत कुतूहलाने भोवती फिरून ती पाहू लागल्या.

"बाई, माझा डावा हात कुठाय?"

"थांब, शोधते. ही वेणी कुणाची?"

"माझी! आणि दुखतेय!"

"आता सगळ्या एकदम डावीकडे सरका. पाच... सहा... सातआठ!"

इथेच घोटाळा झाला. या आकड्यांवर त्या मुली वर्षभर एकच गोष्ट करत आल्या होत्या. 'आठ' ऐकताच खालच्या वाकल्या आणि गुंफलेल्या मनगटांवरून ब्रिन वर! गुंत्यासकट! आणि वर गेल्यावर हसायचं असतं, म्हणून घाबरलेली ब्रिन बत्तीस दात दाखवत होती.

"खाली घ्या तिला!" बाईंनी मध्ये हात घातला आणि त्याही अडकल्या.

"टेसा, सोडू नकोस गं!"

"नाही सोडत! आधी तुझा गुडघा माझ्या नाकावरून काढ!"

"तूच नाक हलव ना!"

बाईंचे डोळे चमकले. दोघी बोलत होत्या! "प्रयोग यशस्वी!" त्या एका पायावर उभ्या राहून ओरडल्या.

शेवटी ब्रिन उतरली, गाठ सुटली. दोघी कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून कुजबुजत बसल्या.

"काय ठरलं?" बाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"शुक्रवारी मनोरा होणार, बाई," टेसा म्हणाली. "आमचं दोघींचं काहीच चुकलं नव्हतं."

"मग कुणाचं?"

"मागच्या सामन्यातही आकडे तुम्हीच मोजले होते ना? असेच, सात-आठ घाईत उरकून!" ब्रिन म्हणाली. "या वेळी आम्हीच मोजू."

बाईंनी गळ्यातलं स्टॉपवॉच हळूच काढून खिशात टाकलं.