अप्पांचा ज्वारीचा दाणा

वाचनालयात कुणीही आलं की तिथली किल्ली सांभाळणारे विरूपाक्षअप्पा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचे, "कोन?" रोज येणाऱ्यालासुद्धा. माणूस बिचारा दोन पावलं मागं सरकायचा आणि तो सरकला की अप्पांचा संशय पक्का. "सरकतो कशाला? काय लपिवतो?"

लातूरकडच्या शिरूरच्या त्या वाचनालयात मी झाडलोट करायची, माठ भरायची. घरी निघताना अप्पा माझ्या केरसुणीचीही झडती घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "अप्पा, केरसुणीत पुस्तक मावतंय व्हय?"

"पान मावतंय की!"

त्यांचा जीव अडकला होता जुन्या पोथ्यांच्या कपाटात. त्यात हातानं लिहिलेली एक पोथी होती. कोणत्या झाडाखाली, कोणत्या वारुळाजवळ पाणी लागतं ते सांगणारी. दुष्काळात तिला सोन्याचा भाव आलेला. तिच्या लाल फडक्याच्या गाठीत अप्पांनी पांढऱ्या ज्वारीचा एक टपोरा दाणा खोचून ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ तो चाचपायचे. दाणा नसला म्हणजे चोर येऊन गेला. एकदा चिमणीनं दाणा नेला, तर त्यांनी आठ दिवस पोस्टमनशी बोलणं टाकलं.

खरा चोर मी होते. चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर जोडत रोज अर्धं पान चोरून वाचायची. पहिल्याच दिवशी गाठ सोडताना दाणा पडला तो सापडलाच नाही. पदराला रेशनची लाल ज्वारी बांधलेली होती, तिच्यातला एक खोचून दिला. संध्याकाळी अप्पांनी तो चाचपला आणि कपाट लावून टाकलं. मला वाटलं, फसले.

तेव्हा लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. एक दिवस जीप आली. दोघं उतरले, शिक्क्याचा कागद पुढं केला. जुन्या पोथ्या म्हणे आता जिल्ह्याला सांभाळणार. अप्पांनी कागद नाकाला लावून पाहिला आणि मान डोलावली.

"सोजर, पाव्हण्यांना पानी दे."

एकानं दोन घोट घेतले आणि उरलेलं खिडकीतून फेकून दिलं. अप्पा ताडकन उठून कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"लातूरहून आलाव म्हनता? तिथं बी टँकरच हाय. तिथला मानूस पानी फेकील व्हय?"

"बाजूला हो, म्हाताऱ्या."

"सोजर, वरड!"

मला चारचौघांत नीट बोलताही येत नाही. पण त्या दिवशी दारात उभी राहून अशी ओरडले की सगळी गल्ली धावत आली. जीप पळाली. मागून लातूरला विचारलं, तर असला कागद तिथून निघालाच नव्हता.

संध्याकाळी मी केरसुणी झडतीसाठी पुढं धरली. अप्पांनी घेतली नाही.

"लाल ज्वारी बारीक असती, सोजर. बोटाला कळतं."

मी केरसुणी भिंतीला टेकवली.

"वरीस झालं, डोळ्याला अक्षर दिसंना. त्या कागदावर काय होतं देव जाणे. पानी पडलेलं तेवढं ऐकू आलं. कुनाला बोलू नगंस, किल्ली काढून घेतील माझी."

मग त्यांनी कपाट उघडलं, चाचपत गाठ सोडली आणि पोथी माझ्यापुढं ठेवली.

"रोज नुसतं पुटपुटतीस, धड ऐकू येत न्हाई. जरा मोठ्यानं वाच."