विरघळत्या पट्टीवरील देखरेख

मनुष्याच्या शरीरात काय चालले आहे हे त्या मनुष्यावर सोपवून चालत नाही. त्यासाठी समिती लागते. सोलापुरातल्या एका धर्मार्थ दवाखान्याने ही गोष्ट १९३४ सालीच ओळखली, याबद्दल त्या दवाखान्याचे करावे तितके कौतुक थोडेच.

झाले असे. वैरागच्या बाजूला मेंढरे चारत असताना मायाप्पा धनगराला त्याच्याच एडक्याने मागून ढुशी दिली. तो बांधावरून ओढ्यात पडला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. दवाखान्यातले डॉ. आबासाहेब नुकतेच बेल्जियमहून शिकून आले होते. त्यांनी त्या हाडावर मॅग्नेशियम नावाच्या धातूची पट्टी बसवली.

“हाड जुळेपर्यंत ही धरून ठेवील,” ते म्हणाले, “मग आपोआप विरघळेल. काढायला पुन्हा कापायला नको.”

“विरघळून जाईल कुटं?”

“तुझ्याच अंगात.”

“म्हंजी गुळाच्या खड्यावानी की!” मायाप्पाने समाधानाने डोळे मिटले. (विषय इतका नीट समजलेला माणूस या कथेत पुन्हा भेटणार नाही.)

जिल्ह्यातली पहिलीच पट्टी म्हणून दवाखान्याने सात सभासदांची देखरेख समिती नेमली. अध्यक्ष नव्या पेठेतले कापडवाले रावजीशेठ. सातांपैकी एकाने पूर्वी हाड पाहिले होते.

सोमवारी पाय दाबून पाहायचा. पट्टी विरघळताना वायू सुटतो, तो कातडीखाली साचून करकर वाजतो. पहिल्या सोमवारी तिघांना करकर ऐकू आली, तिघांना आली नाही आणि सातव्याला फक्त मायाप्पाची किंकाळी ऐकू आली. बुधवारी अध्यक्ष सूज स्वतःच्या दुकानातल्या गजाने मोजत. शनिवारी एक्स-रे. शिवाय हा वायू पेट घेतो असे कळल्यावर, पायापासून दहा फुटांच्या आत बिडी ओढू नये, असा ठराव झाला. (पाय मायाप्पाचाच असल्याने त्याची बिडी साफ सुटली.)

सातव्या आठवड्यात पट्टी निम्मी दिसली. डॉक्टर खूश झाले. समिती हादरली. पट्टीने विरघळण्याचा वेग समितीला विचारून ठरवावा, असे डॉक्टरांना लेखी कळवण्यात आले.

अकराव्या आठवड्यात एक्स-रेत पट्टी दिसेना. हाड मात्र अखंड दिसत होते.

“याला घरी सोडतो,” डॉक्टर म्हणाले.

“कसे सोडता?” रावजीशेठ म्हणाले. “देखरेख पट्टीवर आहे. पट्टी सापडेपर्यंत रुग्णाने हलता कामा नये.”

मायाप्पा पुन्हा खाटेवर आडवा झाला. बाराव्या आठवड्यात त्याची बायको नागव्वा चालत आली ती थेट सभेतच शिरली.

“मेंढ्या व्यायला आल्यात, दीर एकटा हाय. धन्याचं हाड जुळलं का न्हाय, तेवढं सांगा.”

“बाई, हाड हा विषय या समितीकडे नाही.”

नागव्वा तशीच खाटेपाशी गेली. “ऊठ,” ती म्हणाली.

“मोडंल की गं पुन्यांदा.” मायाप्पाने पाय पांघरुणाखाली ओढून घेतला. अकरा आठवडे सात माणसे त्याच्या पायाकडे चिंतेने बघत होती. भीती त्याला तिथूनच लागली होती.

डॉक्टर दाराशी उभे होते. ते आत आले, त्यांनी नडगीवरून हळूच अंगठा फिरवला आणि त्याच्या बगलेत हात घातला. “टेक पाय. सगळा भार टाक.”

मायाप्पाने पाय टेकला. एक पाऊल टाकले, मग चार.

“दुकतंय का रं?” नागव्वाने विचारले.

“न्हाय,” तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. डॉक्टरांनीही चष्मा पुसला. मग दोघे नवराबायको सभेच्या उघड्या दारासमोरून सावकाश चालत निघून गेले. आत पट्टीच्या शोधावर चर्चा चालू होती. कोणी मान वर केली नाही.

समितीचा अहवाल चौसष्ट पानी झाला. निष्कर्ष असा: पट्टी अकरा आठवड्यांत विरघळते, रुग्ण बाराव्यात.

वाचक हसतील. हसावे. तुम्हीही इथवर पट्टीवर बारीक नजर ठेवलीत, तिचे काय झाले ते तुम्हाला नीट सांगता येईल. मोडला होता तो पाय डावा की उजवा, हे मात्र तुमच्यापैकी कोणी विचारले नाही. समितीत एक जागा रिकामी आहे.